अर्धशिशी आणि बायपोलर: वहिनीच्या दोन फायलींत एकच आजार आहे का?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

सर्वांना नमस्कार. विषय घरातल्या माणसाचा असल्यामुळे नावगाव लिहीत नाही, बाकी सगळे जसे घडले तसेच लिहिते. माझी वहिनी ३१ वर्षांची आहे आणि तिचे माहेर चंदगड तालुक्यात, म्हणजे सीमेच्या पलीकडे आहे. अकरावीत असल्यापासून तिचे डोके दुखते. आधी वीस-पंचवीस मिनिटे डोळ्यांपुढून करवतीच्या दात्यांसारखी चमकती रेघ सरकत जाते, मग उजवे कानशील ठणकू लागते, उजेड आणि फोडणीचा वास सहन होत नाही, आणि दोन-तीन उलट्या झाल्यावर ती माजघरात अंधार करून, कपाळाला ओढणी घट्ट आवळून पडून राहते. माहेरी याला नेहमी पित्तच म्हटले गेले. सुंठ उगाळून लावणे, पहाटे सूर्य उगवण्याआधी दूध-जिलेबी खाणे, असे उपाय करण्यात दहा-बारा वर्षे गेली.

गेल्या वर्षी मे महिन्यात बेळगावच्या एका डॉक्टरांनी ही अर्धशिशी आहे असे सांगितले आणि रात्री घेण्यासाठी ॲमिट्रिप्टिलीनची १० मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. महिन्याभराने ती २५ मिलिग्रॅमची झाली. डोकेदुखी खरोखरच कमी झाली. पण रोपलावणीची धांदल संपत आली त्या सुमारास वहिनी रात्री दोन-अडीचला उठून फडताळातले सगळे डबे घासायला काढू लागली. तीन तास झोपूनही ती थकत नव्हती. बचत गटातल्या बायकांना घेऊन काजूचा व्यवसाय सुरू करायचा म्हणून तिने एका आठवड्यात तीन ठिकाणी आगाऊ पैसे देऊन टाकले, आणि तिचे बोलणे असे भरभर सुटले की एक विषय संपण्याआधी ती दुसऱ्यावर गेलेली असे. आम्हाला सगळ्यांना आनंदच झाला होता, हे मला आज लिहिताना फार लागते. इतक्या वर्षांची डोकेदुखी सुटली म्हणून तिला हुरूप आला असेल, असेच आम्ही धरून चाललो.

हे नऊ-दहा दिवस टिकले. गणपतीच्या दिवसांत ती एकदम खचली. अंथरुणातून उठेना, दोन वर्षांच्या मुलाला भरवायलाही जाईना, आणि अर्धशिशी आठवड्यातून तीनदा येऊ लागली. तेव्हा माहेरच्यांनी तिला कोल्हापूरला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले, आणि त्यांनी बायपोलर आजाराचा, म्हणजे ज्यात मन कधी फार चढते आणि कधी फार खचते त्या आजाराचा, दुसरा प्रकार असण्याची शक्यता बोलून दाखवली. आता एक फाईल बेळगावची आहे, ती दादाच्या कपाटात असते. दुसरी कोल्हापूरची आहे, ती चंदगडला तिच्या आईकडे असते. बेळगावच्या डॉक्टरांना कोल्हापूर माहीत नाही, आणि कोल्हापुरात आम्ही रात्रीच्या त्या गोळीबद्दल काहीच बोललो नाही, कारण डोके दुखण्याचा मनाशी काही संबंध असेल असे कोणाच्या मनातही आले नाही.

माझा प्रश्न असा आहे की अर्धशिशी आणि बायपोलर यांचा एकमेकांशी खरोखर काही संबंध असतो का? आई म्हणते की इतकी वर्षे दुखून दुखून अखेर ते मेंदूत गेले. आणि त्या गोळीनेच हे सगळे ओढवले असेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

हुक्केरीकर

माझ्या आईलाही हाच त्रास होता आणि उलटी झाली की तिला तासाभरात आराम पडत असे, म्हणून आमच्याकडेही ते पित्तच मानले जाई. एका वैद्यांच्या औषधाने तिला बरीच वर्षे बरे वाटले. वहिनींचे पोट आधी साफ करून पाहावे, असे मला मनापासून सुचवावेसे वाटते. मानसिक आजाराचा शिक्का एकदा बसला की सासर-माहेर दोन्हीकडे तो पुसला जात नाही, म्हणून घाई करू नये.

शहापूर_शिवण (बेळगाव)

ताई, मी तुमच्या वहिनीपेक्षा वीस वर्षांनी मोठी आहे आणि मला हे दोन्ही आजार आहेत, म्हणून थोडे लांबण लावून लिहिते. अर्धशिशी मला पाळी सुरू झाली त्या वर्षापासून आहे, आणि बायपोलरचे निदान मी छत्तीस वर्षांची असताना झाले. मधल्या काळात मला वेगवेगळ्या डॉक्टरांनी नैराश्य, रक्त कमी, थायरॉईड, घरचा ताण असे सगळे सांगून झाले. कोणी एकानेही ‘मधूनच कधी आठ-दहा दिवस झोप न लागता फार उत्साही वाटते का’ असे विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही. जे दिवस चांगले गेले ते डॉक्टरांना कशाला सांगायचे, असे वाटत असे.

हुक्केरीकर दादांचा हेतू चांगला आहे, पण शिक्क्याच्या भीतीने मी जी वर्षे घालवली ती मला परत मिळाली नाहीत, एवढेच त्यांना सांगते.

आता तुमच्या उपयोगाची गोष्ट. मला लिथियम सुरू आहे आणि मनाच्या आजारावर त्याचा मला फार चांगला गुण आला. चार वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये, लग्नसराईच्या ऐन घाईत, माझी अर्धशिशी चार दिवस सलग राहिली. गिऱ्हाईक थांबलेले होते, म्हणून मी औषधाच्या दुकानातून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणल्या आणि सकाळ-संध्याकाळ घेतल्या. दुकानदाराने दुसरे काही औषध चालू आहे का असे विचारले नाही. पाचव्या दिवशी सुईत दोरा ओवता येईना. बोटे इतकी थरथरत होती की चहा कपातून बशीत आणि बशीतून पदरावर सांडला. त्यातच जुलाब लागले आणि दुपारी न्हाणीघराकडे जाताना पाय दारुड्यासारखे वाकडे पडू लागले. मुलाने रिक्षात घालून दवाखान्यात नेले. रक्तातले लिथियम १.६ निघाले, माझे नेहमी ०.७ च्या आसपास असते. सलाईन लावावे लागले आणि तीन दिवस तिथेच काढावे लागले.

डॉक्टरांनी समजावून सांगितले की डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रॉक्सेन या जातीच्या वेदनाशामकांमुळे मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणे कमी होते आणि ते रक्तात साठत जाते. उन्हाळा, घाम, उलट्या आणि त्यात पाणी कमी पिणे, यांची भर पडली की हे आणखी वेगाने होते. अर्धशिशीत उलट्या होतातच, म्हणजे आपल्यासारखीला धोका दोन्ही बाजूंनी. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये एक पुठ्ठ्याचा तुकडा असतो, त्यावर ‘लिथियम चालू आहे’ असे मराठी आणि कानडी दोन्ही भाषांत लिहून घेतले आहे. तुमच्या वहिनीला पुढे कोणते औषध मिळेल ते मला माहीत नाही, पण लिथियम मिळाले तर घरातल्या प्रत्येकाला हे ठाऊक असले पाहिजे.

धारवाडहून

मी मनोविकारशास्त्रात काम करतो. न पाहिलेल्या रुग्णाचे निदान येथे करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. परंतु ताईंनी विचारलेल्या प्रश्नाला नेमके उत्तर देता येते, आणि ते असे की होय, हा संबंध खरा आहे आणि अनेक देशांतल्या अभ्यासांत तो पुन्हा पुन्हा दिसला आहे. सर्वसाधारण लोकसंख्येत सुमारे सात माणसांमागे एकाला अर्धशिशी असते आणि पुरुषांच्या मानाने स्त्रियांत तिचे प्रमाण दुपटी-तिपटीने अधिक असते. बायपोलर असलेल्या रुग्णांत मात्र हे प्रमाण साधारण एक-तृतीयांश भरते, आणि पहिल्या प्रकारापेक्षा दुसऱ्या प्रकारात, म्हणजे जिथे चढ सौम्य आणि नैराश्य दीर्घ असते तिथे, ते आणखी जास्त आढळते. पुष्कळदा अर्धशिशी शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होते आणि मनाचा आजार नंतर उघड होतो.

येथेच ताईंच्या आईंचा समज दुरुस्त करायला हवा. आधी आले ते नंतरच्याचे कारण असतेच असे नाही. दुखून दुखून आजार मेंदूत ‘जात’ नाही. अर्धशिशी हा पहिल्या दिवसापासून मेंदूचाच आजार असतो आणि उलटी हे त्याचे एक लक्षण असते. झटका ओसरताना उलटी झाली की बरे वाटते, म्हणून पित्तावर ठपका येतो. डोळ्यांपुढे सरकणारी करवती रेघ हीदेखील मेंदूच्या मागच्या भागात उठून हळूहळू पुढे पसरणाऱ्या विद्युत-बदलाच्या लाटेमुळे दिसते. शिवाय अर्धशिशी असलेल्या बहुसंख्य लोकांना आयुष्यात कधीही बायपोलर होत नाही, तेव्हा डोके दुखणाऱ्या प्रत्येक मुलीकडे संशयाने पाहण्याचे काहीही कारण नाही.

दोन्ही आजार एकत्र का येतात, याचे एक समाधानकारक उत्तर अजून हाती नाही, परंतु काही धागे चांगले दिसतात. दोन्ही आजार कुटुंबात चालत येतात. मेंदूतल्या पेशींच्या आवरणातून कॅल्शियम आत येण्याचे जे मार्ग असतात, त्यांची जनुके दोन्हीकडे डोकावतात: अर्धांग लुळे पाडणाऱ्या एका दुर्मीळ आनुवंशिक अर्धशिशीत अशा एका जनुकातला दोष १९९६ मध्ये सापडला, आणि त्याच कुळातल्या दुसऱ्या जनुकाचा संबंध पुढे बायपोलरशी जुळला. मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाच्या कार्यातले बदलही दोन्हीकडे आहेत. पण व्यवहारात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती झोप. जागरणाने अर्धशिशी उठते, आणि जागरणानेच उन्मादाचा, म्हणजे मन अति चढण्याचा, झटकाही सुरू होऊ शकतो. सौंदत्तीच्या यात्रेहून किंवा घरच्या लग्नातून परतल्यावर चार दिवसांत बिघडलेले रुग्ण मी दर वर्षी पाहतो. त्यात उपास, ऊन आणि प्रवास यांची भर पडली की डोके आणि मन दोन्ही एकाच वेळी ढासळतात.

औषधांबद्दल थोडे जपून लिहितो. व्हॅल्प्रोएट हे औषध अमेरिकेत १९९५ मध्ये उन्मादासाठी आणि लगेच १९९६ मध्ये अर्धशिशी रोखण्यासाठी मान्य झाले, त्यामुळे ‘औषध एक म्हणजे आजारही एक’ असा तर्क मोहात पाडतो. तो टिकत नाही. टोपिरामेट अर्धशिशीवर चांगले चालते, पण उन्मादावर त्याचा उपयोग झाला नाही; उलट लिथियम उन्मादावर उत्तम आहे, पण नेहमीच्या अर्धशिशीवर ते वापरले जात नाही. म्हणून हे एकच दुखणे नव्हे. फार तर एकाच आळीत राहणारी, एकमेकांच्या घरी ये-जा असलेली दोन दुखणी म्हणता येतील.

आता ॲमिट्रिप्टिलीन. हे मुळात नैराश्यावरचे जुने औषध आहे आणि अर्धशिशी रोखण्यासाठी ते कमी मात्रेत दिले जाते. ते देण्यात बेळगावच्या डॉक्टरांची चूक झाली असे मला म्हणता येणार नाही. असंख्य रुग्णांना त्याचा फायदाच होतो. मात्र ज्याच्या अंगी बायपोलरची प्रवृत्ती आहे त्याचे मन या जातीच्या औषधाने वरच्या टोकाला जाऊ शकते. कमी मात्रेत हा धोका कमी असला तरी तो शून्य नसतो. गोळी वाढवल्यानंतर काही आठवड्यांत हे घडले, ही बाब कोल्हापूरच्या डॉक्टरांसाठी फार मोलाची आहे आणि तीच त्यांच्यापासून राहून गेली आहे. रोपलावणीच्या धावपळीतली अपुरी झोप हेही कारण असू शकते. दोन्ही मिळूनही असू शकते. याचा निर्णय त्यांच्यासमोर सगळी माहिती एकत्र ठेवल्यावरच होईल. तोवर कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये आणि वाढवूही नये.

आणखी दोन गोष्टी विचारतो. आजोळी किंवा माहेरी कोणाला असे चढ-उतार होते का? आणि महिन्यातून किती दिवस वेदनाशामक घेतले जाते? साधी वेदनाशामके महिन्यात पंधरा दिवस किंवा अधिक, असे तीन महिने घेत राहिले की ती औषधेच डोकेदुखी वाढवू लागतात.

निपाणी_वेदगंगा

कोल्हापूर दूर पडत असेल तर तालुका रुग्णालयात ठरलेल्या मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ येतात, त्याची आधी चौकशी करून घ्यावी. कर्नाटक सरकारची मनोचैतन्य योजना त्यासाठीच आहे. रात्री-अपरात्री काळजी वाटली तर १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालतो. खचलेल्या माणसाच्या बोलण्यात मरणाचा विषय आला तर वाट पाहू नये. माझ्या भावाच्या वेळी आम्ही वाट पाहिली होती.

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

सगळ्यांचे मनापासून आभार. शहापूरच्या मावशी, तुमचा तो चहाचा प्रसंग मी दादाला मोठ्याने वाचून दाखवला. त्याने काही न बोलता कपाटातून फाईल काढून टेबलावर ठेवली.

धारवाडच्या सरांनी विचारलेल्या दोन्ही गोष्टींचा शोध घेतला. वहिनीच्या आईंना फोन केला तेव्हा प्रथम त्या ‘आमच्यात असे कोणी नाही’ म्हणाल्या. रात्री त्यांचाच फोन आला आणि त्यांनी सांगितले की वहिनीचे थोरले मामा दर दोन-तीन वर्षांनी घरातून निघून जात, गावोगाव उधारीने माल उचलत, आणि परत आले की महिनोन्‌महिने गोठ्याशेजारच्या खोलीत तोंड झाकून पडून राहत. गावात त्यांना वारे लागले आहे असे म्हणत. डोके त्यांचेही दुखायचे.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सापडली. वहिनी दुधाचा हिशेब लिहिते त्याच चौकटीत, डोके दुखले त्या दिवशी कोपऱ्यात काळा ठिपका काढते, आणि दुखण्यावरची गोळी घेतली की त्याला गोल करते. हे इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नव्हते. मी बसून ठिपके मोजले. मेमध्ये नऊ होते, जुलैत दोन, ऑगस्टच्या त्या दहा दिवसांत एकही नाही, आणि ऑक्टोबरमध्ये सतरा, त्यातले सोळा गोल केलेले. ऑगस्टच्या पानावर दुधाचा हिशेबही नाही, सगळ्या चौकटी काजूच्या भावांनी भरून गेल्या आहेत.

सर, आणखी एक विचारायचे राहिले. दादा-वहिनींना दुसरे मूल हवे आहे. तुम्ही व्हॅल्प्रोएटचा उल्लेख केला आणि दोन्ही आजारांवर एकच गोळी मिळेल असे वाटून दादाला एकदम हलके वाटले. ते औषध आपण होऊन मागावे का?

धारवाडहून

मागू नये, आणि हे मी ठामपणे लिहितो. गर्भारपणात व्हॅल्प्रोएट पोटात गेले तर सुमारे दहापैकी एका बाळात गंभीर जन्मजात व्यंग आढळते, आणि शंभरांत तीस ते चाळीस मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी दिसतात. व्यंग घडण्याचा काळ पहिल्या काही आठवड्यांचा असतो, आणि पाळी चुकल्याचे लक्षात येईपर्यंत तो बहुधा सुरू झालेला असतो. म्हणून मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला, दुसरा मार्ग असताना, ते देऊ नये असे आज सर्वत्र मानले जाते. दुसरे मार्ग आहेत. त्यांपैकी कोणता घ्यायचा हे दुसऱ्या मुलाचा विचार डॉक्टरांच्या कानावर घालूनच ठरवावे, आणि अर्धशिशीसाठी नवे औषध ठरतानाही मनाच्या आजाराचा उल्लेख व्हावा, कारण आपल्याकडे नेहमी दिले जाणारे फ्लुनारिझिन काही रुग्णांत नैराश्य आणते.

ऑक्टोबरचे सोळा गोल डॉक्टरांना अवश्य दाखवा. वेदनाशामकांनीच डोकेदुखी वाढत असल्याची शंका घ्यायला तेवढे पुरेसे आहे. ते कॅलेंडर मात्र वहिनींना विचारूनच न्या. ते त्यांचे लिखाण आहे. मामांची हकिगत त्यांच्या आईंनी स्वतः सांगितली तर उत्तम होईल.

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

वहिनीला विचारले. ती बराच वेळ पाने उलटत राहिली, मग म्हणाली की ऑगस्टचे पान तिला स्वतःलाच डॉक्टरांच्या हातात द्यायचे आहे. येत्या गुरुवारी पहाटेच्या गाडीने आम्ही निघतो आहोत. बेळगावची फाईल आणि कॅलेंडर एकाच पिशवीत भरले आहेत, आणि तिच्या आई दुसरी फाईल घेऊन चंदगडहून थेट कोल्हापूरला येणार आहेत. रात्री तिची झोप मोडू नये म्हणून बुधवारी मुलाला मी माझ्याकडे झोपवणार आहे.

हुक्केरीकर

ताई, पोट साफ करण्याचा माझा सल्ला मी मागे घेतो. आईच्या मृत्यूला सहा वर्षे झाली. तीही काही महिने बोलत नसे आणि काही महिने झोपत नसे, हे सरांचे लिखाण वाचताना मला प्रथमच एकत्र आठवले. माझ्या मुलीला यंदा दहावीत अर्धशिशी सुरू झाली आहे. तिच्या डॉक्टरांना तिच्या आजीबद्दल काय काय सांगावे, हे कोणी लिहिले तर बरे होईल.

धारवाडहून

आजीच्या या दोन्ही अवस्था साधारण किती दिवस टिकत, कोणत्या वयात सुरू झाल्या, त्या काळात त्यांची झोप आणि खर्च कसा असे, आणि काही औषध दिले होते का, एवढे आठवून कागदावर लिहून द्या. मुलीला घाबरवू नका. तिला बहुधा फक्त अर्धशिशीच असेल. परीक्षेच्या तयारीत तिला रात्री जागू देऊ नका आणि सकाळी उपाशीपोटी शाळेत पाठवू नका.